पोर्चमध्ये मारुती ८०० चं इंजिन उतरवलं: घरी बनवलेल्या घोडीचा अनुभव

इंजिन घरी उतरवायचं म्हटलं की पहिला प्रश्न वजनाचाच येतो. कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन गिअरबॉक्ससकट, तेल-पाणी काढून, शंभर किलोच्या आसपास भरतं. म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्या. तेवढं उचलायला फार अक्कल लागत नाही. गॅरेजात दोघं जण खांद्यावर पाइप घेऊन, दोर बांधून ते काढतातही. खरी भानगड डुलण्याची आहे. इंजिन लटकल्यावर डुलतं, आणि ज्याला ते लटकवलंय तेही त्याच्याबरोबर डुलायला लागतं. माझ्या घोडीचं, म्हणजे इंजिन टांगायच्या लोखंडी चौकटीचं, सगळं डिझाइन या एका गोष्टीभोवती आहे.

आधी जे केलं नाही ते सांगतो. पोर्चच्या स्लॅबमधल्या पंख्याच्या हुकाला काहीही टांगलं नाही. तो हूक किती खोल गेलाय, कुठल्या सळीला अडकवलाय, की नुसताच काँक्रीटमध्ये दाबलाय, हे बाहेरून कळत नाही. बोअरची मोटर काढणाऱ्यांकडे लोखंडी तिपाई असते, ती भाड्यानं मिळू शकते. पण तिचे पाय गाडीच्या १.४४ मीटर रुंदीच्या बाहेर पसरायचे तर तिपाई फारच उंच लागते. आखूड असेल तर पाय गरजेपेक्षा जास्त फाकतात आणि फरशीवर सरकतात. ती वापरायचीच असेल तर तिन्ही पाय खालून साखळीनं एकमेकांना बांधल्याशिवाय एक किलोही उचलू नये. हायड्रॉलिक क्रेन उत्तम, पण तिची चाकं शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकतात.

घोडीचा हिशेब असा. वर १०० मिमीचा आय-गर्डर, मीटरला सुमारे ९ किलोचा, ३ मीटर लांब. दोन्ही टोकांना इंग्रजी ए आकाराचं एकेक तंगडं, तंगड्यांमध्ये २.४ मीटरचं अंतर. मधोमध ५०० किलो टांगले असं धरलं तरी गर्डरमधला ताण ८० न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपास येतो, आणि साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, २५० ला ताणायला लागतं. वाक ४ मिमीच्या आत. म्हणजे इंजिनापुरता गर्डर भरपूर झाला.

तंगड्यांना दीड इंची काळा पाइप घेतला, बी क्लास, बाहेरून ४८.३ मिमी. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाइप, मुद्दाम टाळला. जस्ताचा थर जळला की पांढरा धूर येतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. सहा मीटरच्या एका पाइपातून २.४ मीटरचे दोन पाय निघतात आणि १.२ मीटरचा तुकडा उरतो. तोच तुकडा थोडा कापून जमिनीपासून वीतभर वर आडवा जोडायचा, म्हणजे पाय फाकत नाहीत. एक पाइप, एक तंगडं. भंगारात काही जात नाही. पाय खाली १.२ मीटर आणि वर १०० मिमी अंतरावर ठेवले, त्यामुळे गर्डरची खालची बाजू जमिनीपासून साधारण २.३४ मीटरवर आली. पायांची टोकं १३ अंशांत तिरपी कापावी लागतात. सरळ कापून फट वेल्डिंगनं भरली तर ती भर दिसायला जाड आणि कामाला कच्ची.

ही तंगडी गाडीच्या दोन बाजूंना, लांबीच्या दिशेनं उभी राहतात. त्यामुळे पुढे-मागे घोडी पक्की उभी असते. ती पडते ती बाजूला, गर्डरच्या रेषेत. घरच्या बहुतेक घोड्या इथेच मार खातात: गर्डर जाड, पाय जाड, आणि दोघांमध्ये नुसता एक सांधा. इंजिन बाजूला झुललं की सगळा चौकोन समांतरभुज चौकोनासारखा कलतो. म्हणून गर्डरच्या ६० सेंमी खाली तंगड्याच्या दोन पायांमध्ये ४० × ४० × ५ चा अँगल आडवा टाकला आणि त्याच्या मध्यापासून गर्डरकडे ४५ अंशांत तिरपा टेका नेला, ८५ सेंमीचा. दोन्ही टोकांना एकेक. हे दोन अँगल नसतील तर बाकी सगळं लोखंड फुकट, असं माझं मत आहे.

घोडी सुटी करून भिंतीला लावायची असल्यानं मुख्य सांधे बोल्टचे ठेवले. गर्डरच्या टोकांखाली १५० × १५० × १० ची प्लेट, तंगड्यावर तशीच प्लेट, आणि चार कोपऱ्यांत १२ मिमीचे ८.८ ग्रेडचे बोल्ट. होलं ड्रिलनं, १३ मिमीची. गॅसच्या टॉर्चनं होल पाडून घेतलं तर ते १६-१७ मिमीचं, वेडंवाकडं होतं. बोल्ट कितीही आवळा, घोडी खुळखुळते. दोन्ही प्लेटा एकावर एक क्लॅम्प करून एकदमच ड्रिल करायच्या आणि जोडीवर सेंटर पंचनं खूण करायची, कारण तंगडी अदलाबदल झाली की होलं जुळत नाहीत. टेक्यांचे बोल्ट मात्र पाइपातून आरपार घालू नयेत, पाइप चेपतो आणि बोल्ट कधीच घट्ट राहत नाही.

वेल्डिंग ३.१५ मिमीच्या ६०१३ रॉडनं, इन्व्हर्टर मशीनवर ११० अँपिअरच्या आसपास. प्लेट जाड आणि पाइप पातळ असल्यानं आर्क प्लेटवर धरून पाइपाकडे ओढायचा, उलट केलं की पाइपाला भोक पडतं. स्लॅग काढून प्रत्येक शिवण पाहायची. पायाखाली छोट्या प्लेटा आणि त्यांच्याखाली १८ मिमी प्लायचे तुकडे, नाहीतर फरशी तडकते. सगळं मिळून लोखंड ८५ किलोच्या आसपास झालं.

चाकं लावली नाहीत. घोडीला चाकं हवीत असं सगळेच सुचवतात, पण लटकत्या वजनासकट घोडी ढकलणं हाच या कामातला सगळ्यात धोक्याचा क्षण आहे. चाक फरशीच्या सांध्यात अडकतं, घोडी थांबते, इंजिन थांबत नाही. त्यापेक्षा घोडी जागेवर ठेवायची आणि गाडी मागे ढकलायची. इंजिन काढलेली ८०० एक माणूस सहज ढकलतो.

चाचणी इंजिनावर घ्यायची नाही. २०० लिटरचा रिकामा लोखंडी ड्रम पट्ट्यात अडकवून जमिनीपासून तीन इंच उचलला आणि वरून पाइप सोडून पाणी भरलं. भरला की ड्रम धरून सव्वादोनशे किलो, म्हणजे इंजिनाच्या दुप्पट. गर्डरच्या खालून टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणला होता, मध्याला फरक आला दीड-दोन मिमी. ड्रम हातानं बाजूला ढकलून घोडी किती हलते ते बघितलं, दोन तास तसाच ठेवला, मग बोल्ट पुन्हा आवळले. सगळेच थोडेथोडे फिरले. काही बिघडलंच असतं तर ड्रम तीन इंच पडला असता आणि पोर्च धुऊन निघाला असता.

चेन पुली एक टनी. जुनी घेताना हुकाचं तोंड उघडलंय का, वरची पट्टी स्प्रिंगनं मिटते का, हे पाहायचं. ड्रम लटकलेला असतानाच साखळीवर खडूची खूण केली, हात सोडला आणि दहा मिनिटांनी पाहिलं. खूण खाली सरकली तर पुलीतल्या ब्रेकच्या डिस्कवर तेल गेलेलं असण्याची शक्यता मोठी. चांगल्या हेतूनं पुलीच्या पोटात तेल ओतणारे लोक आहेत. तेल फक्त साखळीला, तेही फडक्यानं पुसून. गर्डरवर पुली अडकवायला एक टनी गर्डर क्लॅम्प आणि तो सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना वेल्ड केलेले लोखंडी तुकडे.

इंजिन आणि पुली यांच्यामध्ये काय, यावर कमी लक्ष दिलं जातं. एका साखळीची दोन टोकं इंजिनाला बांधून मध्यात हूक घातला तर साखळी जितकी चपटी तितका ताण जास्त: आडव्या रेषेपासून ६० अंशांच्या कोनात प्रत्येक पदरावर वजनाच्या ५८ टक्के, ३० अंशांत प्रत्येक पदरावर पूर्ण वजन. शिवाय ती बोल्ट आतल्या बाजूला ओढते. म्हणून ५० × ५० × ३ च्या चौकोनी पाइपाचा अर्धा मीटरचा दांडा केला. वर ८ मिमीची पट्टी उभी वेल्ड केली आणि तिला दर २५ मिमीवर १४ मिमीची होलं पाडली. पुलीचा हूक डी-शॅकलनं यातल्या एका होलात, आणि दांड्याच्या टोकांतून दोन साखळ्या सरळ खाली. होल बदललं की इंजिनाचा कल बदलतो, पण बदलताना इंजिन खाली टेकलेलं हवं. इंजिनाचे मूळ उचलायचे हूक पुष्कळ गाड्यांत कुणीतरी काढून टाकलेले असतात. मग ५० × ६ च्या पट्टीचे कान करून हेडच्या किंवा ब्लॉकच्या जाड बोल्टवर लावायचे. हेड ॲल्युमिनियमचं, म्हणून १० मिमीचा बोल्ट किमान १५ ते २० मिमी आत गेला पाहिजे. कार्बोरेटर, मॅनिफोल्डची नळी किंवा हेड कव्हरचे ६ मिमी बोल्ट यांना कधीच नाही.

प्रत्यक्ष सोडवणं त्यामानानं सरळ. बिजागरीभोवती मार्करनं रेघ मारून बॉनेट काढलं. बॅटरी, एअर क्लीनर, पाणी, रेडिएटर. इंजिन ऑइल काढलं, आणि गिअर ऑइलही. ते विसरलं तर शाफ्ट ओढल्याबरोबर दोन लिटर तेल अंगावर येतं. क्लच, ॲक्सिलरेटर, चोक आणि स्पीडोमीटर अशा चार केबली. पेट्रोलची येणारी आणि परतीची नळी. दोन्ही बोल्ट घालून बंद केल्या आणि त्यांना वेगवेगळ्या रंगाची टेप लावली. वेल्डिंग मशीन तोवर घराच्या आत गेलं होतं. सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डपासून सोडताना गंजलेले नट आदल्या रात्रीच तेलात भिजवून ठेवावेत, स्टड तुटला तर पुढचा अर्धा दिवस गेला.

खालचं काम गाडी जॅक स्टँडवर ठेवून: गिअरचे दोन दांडे, आणि गिअरबॉक्समधून चाकांना फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट. शाफ्ट हातानं धरून ओढायचा नाही. तसं केलं की आतला जॉइंट रबरी बुटातल्या बुटात सुटतो. गिअरबॉक्सचं आवरण आणि जॉइंट यांच्यामध्ये टॉमी (छोटी पहार) घालून एक झटका द्यायचा, शाफ्ट अडकवून ठेवणारी सर्क्लिप सुटते. टॉमी तेलाच्या सीलवर टेकवायची नाही. शाफ्टचं बाहेरचं टोक चाकातच ठेवलं आणि आतलं टोक तारेनं बॉडीला बांधलं. त्यासाठी सोडलेला बॉल जॉइंट लगेच परत बसवला, कारण गाडी ढकलायची तर चाकं जागेवर हवीत. मग गाडी स्टँडवरून उतरवली.

आता पुली ताणायची, पण किती? मी इंजिन बॉडीला धरून ठेवणाऱ्या माउंटिंगच्या बोल्टवरून ठरवतो. नट काढल्यावर बोल्ट हातानं फिरायला लागला की वजन बरोबर साखळीवर आलंय. फिरत नसेल तर कमी ताण किंवा जास्त ताण. चाक आणि मडगार्डमधली फट वाढली असेल तर जास्त, इंजिनाबरोबर गाडीही उचलली जातेय.

तिन्ही माउंटिंग सुटल्यावर दोन इंच वर, थांबा, चारी बाजूंनी टॉर्च मारून बघा. पुन्हा दोन इंच. राहून जाणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी, रिव्हर्स लाइटच्या स्विचची वायर, ऑइल प्रेशरच्या स्विचची वायर, हीटरची मागची नळी. साखळी जड लागली तर जोर लावायचा नाही, काहीतरी अडकलंय. इंजिन त्याच्या बेल्टच्या पुलीच्या बाजूला बॉडीत अडत होतं, म्हणून ते परत टेकवून दांड्यावरचं होल दोननं सरकवलं. गिअरबॉक्सची बाजू खाली झुकली आणि वाट मोकळी झाली. एक हात साखळीवर, दुसऱ्या माणसाचा हात इंजिनावर. इंजिनाखाली किंवा इंजिन आणि बॉडीच्या फटीत कुणाचीच बोटं नकोत.

इंजिनाचा तळ पुढच्या पट्टीच्या वर हातभर गेला की चाकं सरळ करून गाडी सावकाश मागे ढकलायची. दुसऱ्या माणसानं इंजिन नुसतं धरून ठेवायचं. गाडी पूर्ण निघाली की खाली जुना टायर सरकवायचा आणि इंजिन त्यात टेकवायचं. सम्पच्या, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीच्या, पत्र्यावर वजन येत नाही आणि इंजिन कलंडतही नाही. साखळी सैल करण्याआधी एकदा हलवून बघायचं. गिअरबॉक्सच्या दोन्ही भोकांत आणि कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकी. फडकी रंगीत घ्यावीत, बसवताना आत राहिली तर दिसतात.

घोडी सुटी केल्यावर सोळा नट-बोल्ट आणि वॉशर एका डब्यात घालून तो डबा गर्डरलाच तारेनं बांधून ठेवलाय.