आधी धबधबा, मग गाई: रुनस्केपच्या क्वेस्टचा क्रम लावताना आलेला अनुभव

ओल्ड स्कूल रुनस्केप हा ऑनलाइन गेम मी तो मोबाइलवर आला तेव्हापासून खेळतोय, म्हणजे २०१८ च्या ऑक्टोबरअखेरपासून, आणि पहिलं वर्षभर मी क्वेस्टना, म्हणजे गेममधल्या गोष्टीरूप कामगिऱ्यांना, हातच लावला नव्हता. मला वाटायचं की आधी ताकद वाढवावी, चांगली तलवार घ्यावी आणि मग निवांत क्वेस्ट कराव्यात, आपल्याकडे म्हणतात ना आधी पाया भरा मग मजले चढवा, तसंच काहीतरी डोक्यात होतं. लम्ब्रिजच्या कुरणात गाई मारत बसायचो, रोज ऑफिसला जाताना-येताना लोकलमध्ये. अटॅक आणि स्ट्रेंग्थ ही लढायची दोन्ही कौशल्यं लेव्हल ४० ला आली तेव्हा पैसे भरून मेंबरशिप घेतली आणि कुणीतरी सांगितलं म्हणून वॉटरफॉल क्वेस्ट केली. बक्षीस १३,७५० अटॅक एक्सपी (अनुभवाचे गुण, त्यांनीच लेव्हल वाढते) आणि तेवढेच स्ट्रेंग्थचे. माझे ४० चे ४३ झाले.

तेव्हा काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं की तीन लेव्हल फुकटात मिळाल्या. पण नंतर एकदा बसून हिशोब केला तेव्हा लक्षात आलं की काय घालवलंय. ह्या गेममध्ये लेव्हल ३० ला १३,३६३ एक्सपी लागतात. म्हणजे तीच क्वेस्ट अगदी सुरुवातीला, लेव्हल १ वर केली असती तर अटॅक १ वरून थेट ३०, आणि स्ट्रेंग्थही १ वरून ३०. आता गाईचं गणित बघा. एका गाईला ८ हिटपॉइंट (म्हणजे जीव), एका पॉइंटच्या डॅमेजला ४ एक्सपी, म्हणजे एका गाईमागे ३२. दोन्ही मिळून २७,५०० एक्सपी करायला जवळजवळ ८६० गाई माराव्या लागतात, त्यापण लेव्हल १ च्या हातांनी, जेव्हा निम्मे वार शून्यावर जातात. एक्सपी कुठे वाया जात नाहीत, ते तेवढेच मिळतात आधी करा नाहीतर नंतर, वाया जातो तो वेळ, कारण सुरुवातीच्या लेव्हल सगळ्यात संथ असतात आणि क्वेस्ट नेमक्या त्याच उचलून घेतात.

हे सगळं मला उपयोगी पडलं ते दुसऱ्या वेळी. माझ्या बहिणीचा मुलगा दहावीच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता, त्याने माझ्या मोबाइलवर बघितलं आणि म्हणाला मामा मला पण अकाउंट काढून दे. मी ठरवलं की ह्याला माझ्यासारखं वर्षभर गाईंमागे लावायचं नाही, आणि स्वतःचंही नवीन अकाउंट काढलं त्याच्याबरोबर, म्हणजे दोघं एकाच वेगाने जाऊ. एक दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर क्वेस्टचं नाव, उजव्या पानावर काय सामान लागतं. गेमच्या विकीवर ऑप्टिमल क्वेस्ट गाईड म्हणून एक क्रम दिलेला आहे, खूप विचार करून लावलेला आहे तो, आम्ही पाया म्हणून तोच घेतला पण काही ठिकाणी मुद्दाम सोडला, ते पुढे सांगतो.

पहिली क्वेस्ट कुक्स असिस्टंटच केली, आणि ती सगळ्यांनी पहिलीच करावी असं माझं मत आहे, बक्षीस फक्त ३०० कुकिंग एक्सपी असलं तरी. ड्यूकचा वाढदिवस आहे आणि आचाऱ्याकडे केकचं सामान नाही, अंडं, दूध आणि पीठ आणून द्यायचं. भाचा गहू घेऊन गिरणीच्या वरच्या मजल्यावर गेला, हॉपरमध्ये टाकला, दांडा ओढला, खाली आला, पीठ समोर दिसतंय पण घेता येईना. का तर रिकामं भांडं आणलंच नव्हतं. किल्ल्यात जाऊन भांडं घेऊन परत यावं लागलं. ही पाच मिनिटांची चूक त्याला पुढे सगळ्या क्वेस्टमध्ये पुरली, त्यानंतर तो निघायच्या आधी वहीचं उजवं पान वाचूनच निघायचा.

मग मॅजिकसाठी इम्प कॅचर आणि विचेस पोशन, ८७५ आणि ३२५, दोन्ही मिळून लेव्हल १० होते. इम्प कॅचरला लागणारे चारही रंगांचे मणी आम्ही ग्रँड एक्सचेंज ह्या गेममधल्या बाजारातून घेतले, त्यासाठी इम्प नावाचे छोटे राक्षस मारत फिरण्यात काही अर्थ नाही. द रेस्टलेस घोस्टमुळे प्रेयर ९ होते. व्हॅरॉक शहरातल्या म्युझियमच्या तळघरात प्राण्यांवरचे प्रश्न आहेत, ते सोडवले की स्लेयर आणि हंटर ह्या दोन्ही कौशल्यांना हजार हजार एक्सपी, दोन्ही लेव्हल ९, कुणालाही न मारता. हे खूप लोकांना माहीतच नसतं.

आणि मग वॉटरफॉल. ह्याच्याविषयी थोडं सविस्तर लिहितो कारण नवीन माणूस घाबरून ही पुढे ढकलतो आणि तिथेच सगळा क्रम बिघडतो. ह्या क्वेस्टमध्ये एकही लढाई जिंकायची नाहीये, फक्त पळायचंय. आधी नोम गावाच्या भुयारातून खडा आणायचा, मग त्या खड्याने ग्लॅरियलच्या समाधीत शिरायचं, आणि तिथे शस्त्र, चिलखत, रून (मॅजिकसाठी लागणारे दगड) काहीही जवळ चालत नाही. सगळं बँकेत ठेवून फक्त खाणं घेऊन जायचं, आत मॉस जायंट असतात, त्यांच्याकडे न बघता पेटीतलं अॅम्युलेट आणि समाधीतला कलश घ्यायचा आणि बाहेर. मग परत बँक, आता दोर आणि ६ एअर, ६ वॉटर, ६ अर्थ रून, आणि अॅम्युलेट नि कलश विसरायचा नाही. धबधब्याच्या आत लेव्हल ८६ चे फायर जायंट असतात आणि आपल्याला १० हिटपॉइंट, एका फटक्यात खेळ संपू शकतो, म्हणून किल्ली घेतली की थांबायचं नाही. शेवटच्या खोलीत सहा खांब, प्रत्येकावर तिन्ही रून एकेक, पुतळ्याला अॅम्युलेट, आणि मग कलश तिथल्या पात्रावर, म्हणजे चषकावर, वापरायचा. वापरायचा म्हणजे कलश सिलेक्ट करून पात्रावर टॅप, नुसतं पात्रावर टॅप केलं तर खोलीत पाणी भरतं आणि आपण बाहेर फेकले जातो. भाचा एकदा मेला फायर जायंटकडून, दुसऱ्यांदा पार पडली. स्क्रीनवर लागोपाठ लेव्हलचे फटाके फुटले तेव्हा तो जागेवर उभा राहिला आणि ओरडला, मामा तीस, डायरेक्ट तीस! मला माझी ती ४० ची ४३ आठवली.

त्याच्या मागोमाग फाइट अरीना आणि ट्री नोम व्हिलेज. दोन्हीतले मोठे शत्रू लांबून मॅजिकने मारता येतात, मधे काहीतरी अडथळा ठेवून उभं राहायचं म्हणजे ते जवळ येऊच शकत नाहीत. १२,१७५ आणि ११,४५० अटॅक एक्सपी. वहीत बेरीज केली, १३,७५० अधिक हे दोन, ३७,३७५. लेव्हल ४० ला ३७,२२४ लागतात. म्हणजे एकही गाय न मारता अटॅक ४०, आणि रून सिमिटर ही तलवार हातात घ्यायला बरोब्बर ४० च लागतं! ज्याने हा क्रम पहिल्यांदा शोधून काढला असेल त्याला किती आनंद झाला असेल. हिटपॉइंटसाठी विचेस हाउस, पोराचा चेंडू चेटकिणीच्या बागेतून आणून द्यायचा, ६,३२५ एक्सपी, १० चे २४ होतात. ही मात्र जरा मॅजिक आल्यावरच करा, शेवटी एकाच प्राण्याची चार रूपं एकामागून एक येतात.

एक्सपीनंतर दुसरी गोष्ट म्हणजे प्रवास. ह्या गेममध्ये निम्मा वेळ चालण्यात जातो आणि काही क्वेस्ट रस्ते उघडतात, त्या आधी. ट्री नोम व्हिलेज झाली की स्पिरिट ट्री, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे नेणारी झाडं, वापरता येतात, त्यातलं एक झाड ग्रँड एक्सचेंजच्या शेजारीच आहे. लॉस्ट सिटी, आणि मग पुढे फेअरी रिंग, तीपण तशीच दुसरीकडे नेणारी वर्तुळं, त्यासाठी फेअरीटेलचा दुसरा भाग पूर्ण करावा लागत नाही, सुरू करून थोडा पुढे नेला तरी पुरे.

लॉस्ट सिटीत मी स्वतः मार खाल्ला. एन्ट्राना बेटावर जाताना शस्त्र-चिलखत काहीच नेऊ देत नाहीत, हे मी वाचलं होतं, पण रून नेता येतात ह्याचा विचारच केला नाही. भुयारात झॉम्बी मारून कुऱ्हाड मिळवली आणि तिनेच त्या लेव्हल १०१ च्या ट्री स्पिरिटशी लढायला गेलो. मेलो. मग परत जहाज, परत भुयार, परत झॉम्बी. ह्या वेळी खिसाभर रून नेल्या आणि आडोशाला राहून मारला. वहीत त्या पानावर लाल पेनाने रून असं लिहून खाली तीन रेघा मारल्यात.

आता गाईड कुठे सोडलं ते. गाईड वेळ वाचवतं म्हणून एकाच गोष्टीचे भाग लांब लांब टाकतं, मधे दहा दुसऱ्या क्वेस्ट. प्लेग सिटीपासून सुरू होणारी मालिका, पुढे बायोहॅझर्ड, अंडरग्राउंड पास, रेजिसाइड असं करत साँग ऑफ द एल्व्ह्ज पर्यंत जाते. मी पहिल्या अकाउंटवर प्लेग सिटी आणि अंडरग्राउंड पास ह्यांच्या मधे इतका काळ जाऊ दिला की जिला पहिल्या भागात सोडवलं ती एलेना कोण हेच आठवेना, आणि त्या गोष्टीतला राजा काय बोलतोय त्याचं काहीच वाटलं नाही. ह्या वेळी पहिल्या तीन लागोपाठ केल्या, संवाद न गाळता, मोठ्याने वाचून. गोष्टीत शहराच्या भिंतीपलीकडे जी प्लेगची साथ आहे तिचं खरं काय ते कळल्यावर भाचा मोबाइल खाली ठेवून नुसता बघत बसला होता माझ्याकडे. दोनचार तास जास्त गेले असतील, जाऊ देत. लिहिणाऱ्यांनी एवढी गोष्ट रचलीय ती स्पेसबार दाबत संपवण्यासाठी नाही.

एक गोष्ट आम्ही स्वतःची लावली, ती म्हणजे भागानुसार गठ्ठे. आर्डोन शहरात गेलो की तिथल्या तीनचार एकदम, कांडारिन प्रदेशातल्या बाकीच्या एकदम. सामान एकदाच काढायचं, बँकेत एक वेगळा टॅब करून. हे केल्यावर चालणं खूप कमी झालं.

मधलं ध्येय आम्ही रेसिपी फॉर डिझास्टर ठरवलं होतं. २००६ मध्ये मूळ रुनस्केपमध्ये शंभरावी क्वेस्ट म्हणून ती आली होती. तिचे तुकडे आहेत, प्रत्येक तुकडा झाला की हातमोज्यांची पुढची जोडी उघडते, आणि शेवटच्या लढाईला १७५ क्वेस्ट पॉइंट लागतात, म्हणून आपोआपच बहुतेक चांगल्या क्वेस्ट वाटेत होऊन जातात. ज्याला क्रम कळत नाही त्याने एवढं एकच नाव डोळ्यासमोर ठेवावं आणि तिला काय काय लागतं ते उलट दिशेने शोधत यावं. शेवटच्या लढाईत प्रेयर चालत नाही, हे मात्र जाण्याआधी लक्षात ठेवा, खाणं भरपूर न्या.

आम्हाला सात महिने लागले, कारण सुट्टी संपल्यावर तो नाशिकला गेला आणि फक्त शनिवार-रविवार खेळायचो, फोन स्पीकरवर ठेवून. ही क्वेस्ट सुरू होते तीपण लम्ब्रिजच्या त्याच स्वयंपाकघरात, तोच आचारी, जिथे त्याने भांडं विसरलं होतं. शेवटची लढाई झाल्यावर तळघरातल्या पेटीतून बॅरोज ग्लोव्ह्ज घ्यायचे असतात, १,३०,००० नाणी. त्याच्याकडे अकरा हजार कमी पडत होते, मी ट्रेड उघडून दिले. हातमोजे घातल्यावर तो जिना चढून वर आला आणि आचाऱ्याशेजारी उभा राहून म्हणाला, मामा, तू पण ये, एक स्क्रीनशॉट काढू.