पहाडी नको

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज संध्याकाळी रिंकमधल्या बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडता सोडता ती म्हणाली, “बाबा, पहाडी नको.” आवाज चढलेला नव्हता, चेहऱ्यावर हट्ट नव्हता. ताटातली भाजी नको म्हणावी तितक्याच सहजपणे तिने ते सांगितले, पात्यांवरचे पाणी फडक्याने पुसले आणि बूट पिशवीत ठेवले. मी “बरं” म्हणालो. घरी येताना तिने शाळेतल्या ज्वालामुखीच्या प्रकल्पाविषयी बरेच काही सांगितले आणि मी हुंकार देत राहिलो. आता घरात सगळे झोपले आहेत, आणि ते दोन शब्द मला इतके का लागावेत, हे समजून घेण्यासाठी मी ही वही उघडली आहे.

लेकीच्या बर्फावरच्या स्केटिंगच्या स्पर्धेसाठी तीन आठवडे मी पहाडी रागातल्या त्या धुनेवर काम केले. आत्याच्या व्हायोलिनची ती कॅसेट १९९६ ची, मिरजेच्या घरी माजघरात भरलेली. तबल्यावर मी, वय वर्षे १९. मूळ वादन ११ मिनिटांचे आणि कोचबाईंनी सांगितलेली मर्यादा २ मिनिटे २५ सेकंदांची. एवढे मोठे वादन इतक्या थोड्या वेळात बसवायचे, तर सूर कुठे जोडला आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये, आणि त्याच वेळी मुलीच्या दमाचा हिशेबही सुटता कामा नये. अवघड उडी पाय ताजे असताना, म्हणजे सुरुवातीलाच यायला हवी. मध्यावर पावलांची लांबलचक नक्षी असते, तिथे लय चढती हवी. शेवटच्या गिरकीला जागच्या जागी वेग वाढत जातो, म्हणून तिथे संगीतही भरत गेले पाहिजे. ते आधीच ओसरले तर गिरकी पोरकी दिसते.

दादरा ताल मी विचारपूर्वक निवडला होता. स्केटिंगला तीनाचे वजन मानवते. एका पायावर जोर, मग घरंगळत जाणे, मग दुसरा पाय; मुले पहिल्यांदा जी छोटी उडी शिकतात तिचे नावसुद्धा वॉल्ट्झ या तीनाच्या नाचावरून पडले आहे. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या, आणि आमच्या त्या लयीत एक आवर्तन बरोबर तीन सेकंदांचे होते. सुरुवातीला १९ सेकंद ठेक्याविना आलाप, त्यापुढे ४२ आवर्तने, असा हिशेब जुळला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला कोणाला तरी उठवून ते सांगावेसे वाटले होते. शिवाय आलापाचे आणखी चार सेकंद मी पदरात पाडून घेतले होते, कारण हल्ली घड्याळ सुरू होते ते स्केटर हलल्यापासून. तेवढा वेळ तिने षड्जावर नुसते निश्चल उभे राहायचे होते. १९८४ मध्ये साराजेव्होच्या ऑलिंपिकमध्ये टॉर्व्हिल आणि डीन या ब्रिटिश जोडीने रावेलच्या ‘बोलेरो’वर जे केले त्यावरून मला हे सुचले. त्यांचा संगीताचा तुकडा मर्यादेपेक्षा १८ सेकंद लांब होता आणि घड्याळ तेव्हा पाते बर्फाला लागल्यापासून धरत असत, म्हणून ते १८ सेकंद दोघे गुडघ्यांवर बसून नुसते डोलत राहिले आणि मग उठले. त्या दिवशी सादरीकरणासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.०, म्हणजे पैकीच्या पैकी, दिले होते. संगीत तोडण्यापेक्षा गुडघे टेकणे त्यांनी पसंत केले, याचे मला नेहमी फार अप्रूप वाटत आले आहे.

आणि तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येणारा तुकडा. डबल सॅल्काउ ही दोन फेऱ्यांची उडी उतरेल तो क्षण समेवर यावा अशी मी तिची जागा साधली होती. त्या समेनंतर आत्याचा एक लांब गज आहे, जवळजवळ पूर्ण आवर्तनभर चालणारा. उडी उतरल्यावर एका पायावर पाठीमागे वाहत जायचे असते, हात पसरून, मान वर ठेवून. त्या वाहण्यासाठी तो गज जणू अठ्ठावीस-तीस वर्षे थांबला होता असे मला वाटले. ते फक्त मलाच वाटले.

कोचबाईंना ध्वनिमुद्रण घरचे आहे याचाच जास्त आनंद झाला. संगीताच्या हक्कांचा प्रश्न अलीकडे गंभीर झाला आहे. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या सुमारास एका अमेरिकी जोडीवर त्यावरून दावाच दाखल झाला होता. कोचबाईंनी एकच सुचवले, की डबल अ‍ॅक्सलच्या जागी अर्धा सेकंद अधिक सोडता आला तर पाहावे. सगळ्या उड्यांमध्ये अ‍ॅक्सल तेवढी पुढे तोंड करून घ्यावी लागते आणि ती घेण्याआधी आमची मुलगी क्षणभर थबकते. मी त्यांना सांगितले की आवर्तनात अर्धा सेकंद घुसवला तर सम हलेल. त्यांनी आग्रह धरला नाही.

आता राहून राहून मनात येते ते असे. आम्ही राहतो त्याच मिशिगनमधल्या कॅन्टनमध्ये मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट ही अमेरिकी जोडी सराव करत असे. २००९-१० च्या हंगामात आइस डान्सच्या एका फेरीला लोकनृत्याचा विषय होता आणि त्या दोघांनी हिंदी चित्रपटांतली गाणी घेतली. भारतीय नृत्य शिकवणाऱ्या शिक्षिकेकडे जाऊन त्यांनी हात, मान, डोळे, सगळे नीट शिकून घेतले, आणि व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकमध्ये त्यांना रौप्य पदक मिळाले. त्याच विषयावर एका रशियन जोडीने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा वेष आणि नाच उचलला, तेव्हा तिथल्या आदिवासी नेत्यांनी दुखावून आक्षेप घेतला होता. परक्याचे संगीत घेताना किती काळजी लागते हे त्या एका हंगामाने सगळ्यांना दाखवले. मग मनात येते की परक्यांनी इतक्या आस्थेने शिकून घेतलेले माझ्याच घरात का नको असावे. तिला संकोच वाटतो का? मैत्रिणी काही म्हणाल्या का? पण हे लिहितानाच मला ते पटत नाही, कारण मंडळाच्या गणेशोत्सवात लेझीम घेऊन सगळ्यांत पुढे हीच असते, आणि वर्गातल्या मुलींना मोदकाची उकड कशी काढतात हे तिने आपणहून सांगितलेले आहे.

तिला हवी आहे ती पियानो आणि चेलोची एक धून, तिनेच शोधून काढलेली. शब्दांचे गाणेही तिला नको आहे. २०१४-१५ पासून एकट्याने स्केटिंग करणाऱ्यांनाही शब्दांची गाणी चालतात, आणि तिच्याबरोबरच्या बहुतेक मुलींनी तीच घेतली आहेत. ही धून मी दोनदा ऐकली. वाईट नाही. तिच्यात मला काहीच सापडले नाही, एवढेच.

आत्याला मी गेल्याच आठवड्यात फोनवर सांगून बसलो आहे. ती आता वाजवत नाही. तिच्या बोटांविषयी आज इथे लिहीत नाही.

“पहाडी नको.” निदान “ही धून नको” म्हणाली असती.

गुरुवार, रात्री उशिरा

आज कोचबाईंनी तिन्ही संगीतांवर तिला एकेकदा फिरायला लावले. तिसरे त्यांच्या पसंतीचे होते, त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

सरावाच्या वेळी बर्फावर दहा-बारा मुले असतात आणि प्रत्येकाचे संगीत रांगेने लागते. ज्याचे लागले त्याने कमरेला रंगीत पट्टा बांधायचा आणि बाकीच्यांनी त्याला वाट द्यायची. पट्टा बांधून ती मध्यभागी उभी राहिली, आणि त्या उंच पत्र्याच्या छपराखाली, कठड्याला धडकणाऱ्या बुटांच्या आवाजात, आत्याचा षड्ज लागला. माझ्या अंगावर काटा आला. चार सेकंद ती हलली नाही, अगदी ठरल्याप्रमाणे. मग ती निघाली, आणि पहिल्या फेरीतच माझ्या लक्षात आले की ती फार जपून चालली आहे. घरात कोणी आजारी माणूस झोपलेले असावे आणि आपण पाण्याचा पेला घेऊन त्या खोलीतून जावे, तशी. हात सुंदर होते. तिहाईला तिने उडी घेतली ती एकेरी, आणि समेवर अलगद उतरली. लांब गजाबरोबर मागे वाहत गेली तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. अ‍ॅक्सलच्या जागी मात्र ती नुसतीच वळली आणि पुढे निघून गेली.

पियानोच्या धुनेवर ती दोनदा आपटली. एकदा इतक्या जोरात, की पट्टा सुटून बाजूला पडला. उठली, पट्टा खांद्यावर टाकला आणि पुन्हा वेग घेतला. अ‍ॅक्सल घेतली, अपुरी फिरली, दोन्ही पायांवर उतरली, पण घेतली.

कोचबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या की पहिली धून फारच सुंदर आहे, पण मुलगी तिच्यावर स्केटिंग करत नाही, तिला सांभाळते आहे. मला उत्तर सुचले नाही. परीक्षकांच्या तक्त्यात पूर्वी संगीत किती उमजले आहे याचा स्वतंत्र रकाना असे. २०२२ पासून तो सादरीकरणात मिसळला आणि रकाने पाचांचे तीन झाले. रकाना कोणताही असो, जे आज त्या पत्र्याखाली झाले त्याला कोणत्या आकड्यात बसवणार होते, हे मला कळत नाही.

रात्री जेवणानंतर मी भांडी विसळत होतो, तेव्हा ती ओट्याशी येऊन उभी राहिली.

“बाबा, तू रागावलायस का?”

“नाही.”

“मग कुकरची शिट्टी का काढलीस?”

मला क्षणभर काही समजले नाही. मग आठवले. कॅसेटमध्ये सहाव्या मिनिटाला आमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होते आणि आत्या वाजवता वाजवता हसते. मी तो भाग कापला होता, अर्थातच.

“अगं, स्पर्धेत शिट्टी कशी चालेल?”

“हो ना,” ती म्हणाली. थोडा वेळ ती नळाकडे बघत राहिली. “आणि त्याच्यावर मी रोज पडेन ना, बाबा. मग रविवारी तू ते लावलंस की मला अ‍ॅक्सलच आठवेल.”

मी नळ बंद केला.

गेल्या वर्षीचा वॉल्ट्झ आठवला. त्या वॉल्ट्झच्या एका विशिष्ट जागेवर ती चार महिने पडत होती, अगदी त्याच सुरावर. हंगाम संपल्यावर, डिसेंबरमध्ये, आम्ही दोघे किराणा दुकानात भाजी घेत होतो आणि छतावरच्या स्पीकरमधून नेमका तो वॉल्ट्झ लागला. माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. ती जागा जवळ येऊ लागली तसे माझे बोलणे थांबले, आणि तिच्याकडे पाहिले तर तिचे खांदे वर गेलेले होते, हनुवटी छातीशी आली होती. जागा निघून गेली, आणि आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. मला वाटले होते की ती गंमत होती. तिने ते जपून ठेवले होते.

भांडी झाल्यावर मी कागदावर हिशेब मांडला. आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला तीन वेळा, साधारण ४० आठवडे. सहाशे वेळा. सहाशे वेळा आत्याचा तो गज, आणि त्यातले निदान तीनशे वेळा गजाच्या आधी किंवा नंतर बर्फावर अंग आदळल्याचा आवाज. या तीन आठवड्यांत मी मात्रा मोजल्या, सेकंद मोजले, पण हे मोजले नाही. रविवारी सकाळी पोह्यांची फोडणी होत असताना जी धून घरात लागते, तिला ती लहानपणापासून पहाडी म्हणते. राग, ताल, धून, आत्या, सगळे मिळून तो एकच शब्द. तो तिने बर्फावर न्यायला नको म्हटले.

तरी थोडे लागलेले आहे, ते अजून आहे. आत्याचा गज मोठ्या सभागृहात घुमावा असे मला मनापासून वाटले होते, आणि तिच्या गजामागे माझा हात ऐकू यावा असेही वाटले होते. त्या कॅसेटनंतर मी फार काळ वाजवले नाही. इथे येताना तबल्याची जोडी मिरजेलाच राहिली. हे सगळे बारा वर्षांच्या मुलीच्या दोन पायांवर ठेवायचे होते का, याचे उत्तर मला आज रात्री तरी द्यायचे नाही.

आत्याला उद्या सकाळी फोन करीन. शिट्टीचे सांगितले की तिला आवडेल असे वाटते.

उद्या दुपारपर्यंत संगीताची फाइल कोचबाईंकडे पोहोचली पाहिजे, म्हणून मघाशी पियानोची ती धून पुन्हा उघडली. पाचव्या-सहाव्या वेळी ऐकताना लक्षात आले की चेलो आत येण्याआधी पियानो एका जागी पुरता थांबतो आणि सुराची नुसती आस उरते. तिथे ठेका नाही, मात्रा नाहीत, सम नाही. कितीही ताणले तरी काही मोडत नाही. सुरुवात थोडी छाटून मी एकूण लांबी २ मिनिटे २४ सेकंदांवर आणली, अ‍ॅक्सल त्या थांबण्यावर बसवली, आणि तिथे अर्धा सेकंद जास्त ठेवला आहे.