चोयाच्या जाळीत चादरीचा मरून

चोया हा अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोकडच्या वाळवंटातला निवडुंग. तो वाळला की वरचं साल-गर झडून जातं आणि उरते लाकडाची पोकळ नळी, अंगभर लांबट भोकं असलेली. आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानात हे लाकूड मिळतं, कोळंबीला लपायला ठेवतात.

सोलापुरात लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, लाकूडकाम करतो मी. एक काका असाच मनगटाएवढा तुकडा घेऊन आले. घरात तेलुगू, बाहेर मराठी. सारी हयात सूत रंगवण्यात गेलेली. म्हणाले, "ह्याची फुलदाणी कर. भोकांत आपल्या चादरीचा मरून रंग भर."

सुताचा रंग पाण्यात कालवतात आणि भोकांत ओतायच्या इपॉक्सीत (ओतल्यावर कडक होणारं प्लास्टिकसारखं रेझिन) पाणी गेलं की ती दुधाळ होते, धड आळत नाही. म्हणून रेझिनचाच पारदर्शक रंग घेतला. मी वाटीत कालवला, मला झकास वाटला. काकांनी मान हलवली. काडीने एक थेंब काचेवर ओढला, उजेडाकडे धरला. "वाटीत दिसतो तो रंग खरा नसतो रे. पातळ झाल्यावर काय उरतं ते बघायचं." थेंबाथेंबाने वाढवत त्यांनी वाटी जवळजवळ काळी करून ठेवली. मला ते पटलं नव्हतं, पण रंगाच्या बाबतीत त्यांच्यापुढे मी काय बोलणार?

लाकूड आधी ओव्हनमध्ये कोरडं केलं होतं, नाहीतर आतल्या ओलाव्याचे बुडबुडे येतात. मे महिना, पारा 40च्या वर. अशा उन्हात इपॉक्सी आळताना आपल्याच उष्णतेने भलतीच तापते, जाड ओतली तर तडकतेही. म्हणून पहाटे ओतलं आणि साचा प्रेशर पॉटमध्ये ठेवला. दाबाने बुडबुडे इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत.

रेझिन पक्कं झाल्यावर ठोकळा लेथवर चढवला, तेव्हा काका शेजारीच उभे होते. ठोकळा निव्वळ काळा. पटाशीखालून रेझिनच्या चिवट फिती निघत होत्या. लाकूड आलं की आवाज बदलायचा, तिथे हात हलका ठेवावा लागतो. बाहेरून घाट आला, तरी काळाच. मग आतून पोखरायला घेतलं. भिंत 4 मिलिमीटरवर आली तेव्हा लेथ थांबवून आत बल्ब धरला. भोकाभोकातून मरून पेटला! मळसूत्रासारखी तिरकी चढत गेलेली जाळी, आणि मधे थेट चादरीचा रंग. माझ्या वाटीतला रंग इथे गुलाबी पडला असता.

"आता?" काका एवढंच म्हणाले. मी त्यांच्या पाया पडलो.

पॉलिश करून फुलदाणी हातात देताना सांगितलं, वाळलेली फुलंच ठेवा, पाणी घालू नका. आणि उन्हाळ्यात बंद गाडीत तर अजिबात ठेवू नका, रेझिन मऊ पडतं.