वंशावळीतील क्रमांक आणि रिकामी घरे

आपल्याकडे विदर्भातील खेड्यांत वंशावळ बहुधा गरज पडल्यावरच काढली जाते. घरातला कर्ता गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवायची असतात किंवा मुलाच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचा अर्ज भरायचा असतो; मग मोठ्या बाबांना विचारून, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मिळवून शपथपत्रावर मूळ पुरुषापासून अर्जदारापर्यंतची नावे लिहिली जातात आणि काम झाले की तो कागद फायलीत जातो. मी राहतो त्या बोस्टनमध्ये मात्र हे काम माणसे हौसेने करतात, आणि त्यासाठी न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी ही संस्था १८४५ पासून चालू आहे. आमच्या घराण्याची माहिती नीट मांडण्याचे मनात आले, तेव्हा नावांआधी क्रमांकांचा विचार करावा लागतो हे मला येथेच कळले.

या संस्थेच्या नियतकालिकात १८७० पासून रूढ झालेल्या ‘रजिस्टर’ पद्धतीत मूळ पुरुषाला १ हा क्रमांक मिळतो आणि ज्यांचा वंश पुढे सांगायचा आहे, त्यांनाच पुढचे क्रमांक ओळीने दिले जातात. छापील ग्रंथाला ही पद्धत शोभते. परंतु माहिती अजून गोळा होत असताना एखादी विसरलेली शाखा सापडली, तर पुढचे सगळे आकडे बदलावे लागतात. भाऊबंदकीच्या वहीसाठी मला फ्रान्समधील जाक दाबोव्हिल यांची पद्धत अधिक सोयीची वाटली. त्यांच्या पद्धतीत १.३.२ म्हणजे मूळ पुरुषाच्या तिसऱ्या अपत्याचे दुसरे अपत्य, त्यामुळे पिढी कोणती आणि शाखा कोणाची हे आकड्यावरूनच समजते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रीतीमुळे एकाच घराण्यात तीन तीन गणपत निघतात, आणि त्यांच्यातला कोणता गणपत शेत विकून गेला याचा वाद अशा क्रमांकाने लवकर मिटतो. अडचण येते ती कोतवाल बुकात. तेथे अनेकदा बापाचे नाव आणि ‘मुलगी’ एवढीच नोंद असते, आणि लहानपणीच गेलेल्या त्या मुलीला तिची जागा द्यायची तर धाकट्या भावंडांचे आणि त्यांच्या लेकरांचे आकडे एकेकाने पुढे सरकतात. मी ते सरकवले. मोठे बाबा फोनवर म्हणाले, “पोरीईचे नावं कायले भरून राह्यला बापा?” पडताळणीच्या कागदाला पित्याकडचीच उतरंड लागते, त्यामुळे त्यांचा प्रश्न त्यांच्या जागी रास्तच होता.

स्वतःपासून मागे जाणारी पद्धत मात्र हा प्रश्न विचारूच देत नाही. ऑस्ट्रियाच्या मिखाएल आयत्सिंगर यांनी १५९० मध्ये ती वापरली, १६७६ मध्ये स्पेनच्या खेरोनिमो दे सोसा यांनी आणि १८९८ मध्ये जर्मनीच्या श्ट्राडोनित्स यांनी तिचा प्रसार केला. स्वतःचा क्रमांक १. कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याचे वडील आणि त्यात एक मिळवला की आई. म्हणून बाबा २, आई ३, बाबांचे वडील ४, बाबांची आई ५. क्रमांक २२ कोण, हे पाहायला विषम आकड्यातला एक सोडून निम्मे करत यावे: ११, ५, २, म्हणजे बाबांच्या आईच्या आईचे वडील. स्वतःचा १ सोडला, तर प्रत्येक विषम आकडा बाईचा असतो आणि तिचे नाव ठाऊक नसले तरी तिचे घर कागदावर राहतेच. माझ्या तक्त्यात ८ भरले होते, ९ रिकामे होते. घराण्याच्या मूळ पुरुषाचे नाव सांगणाऱ्या आमच्या घरात बाबांच्या आजीचे नाव कोणालाच सांगता येईना. सासरी तिचे नाव बदलले होते, माहेरचे नाव माहेरीच राहिले. ते शेवटी तिच्या माहेरच्या गावी, तिच्या भावाच्या नातसुनेकडून मिळाले.

आपल्या चालीरीतीमुळे या गणितात एक गंमतही होते. बाबांनी मामाची मुलगी केली, म्हणजे माझी आजी (५) आणि आईचे वडील (६) ही सख्खी भावंडे. त्यामुळे १० आणि १२ हा एकच माणूस ठरतो, ११ आणि १३ ही एकच बाई, आणि चौथ्या पिढीतल्या आठ घरांत सहाच माणसे उरतात. अशा वेळी लहान आकड्यासमोर पूर्ण माहिती लिहून मोठ्या आकड्यासमोर ‘१० पाहा’ एवढेच लिहितात. दत्तकाला मी हाच उपाय दाबोव्हिल यांच्या वहीत लावला: चुलत्याला दत्तक गेलेल्याचा पूर्ण तपशील दत्तक घराच्या क्रमांकावर लिहिला, कारण सातबाऱ्यावर तो तेथेच आहे, आणि जन्मदात्या बापाच्या ओळीत त्याची जागा राखून समोर तो क्रमांक टाकला.