कधीच न पेटलेली भट्टी

टुल्न गाव मागे टाकून डॅन्यूबच्या काठाने सायकल मारत निघाले, तेव्हा झाडांच्या शेंड्यांवर आधी उंच चिमणी दिसली. हेच ऑस्ट्रियातलं त्स्वेंटेनडॉर्फचं अणुवीज केंद्र. पूर्ण बांधून झालं, इंधनही आलं, पण भट्टी एकदाही सुरू झाली नाही. त्यामुळे चालू केंद्रात माणसाला पाऊल टाकता येत नाही, अशा जागी इथे आधी नाव नोंदवून खुशाल फिरता येतं.

डोक्यावर हेल्मेट घालून मी थेट अणुभट्टीच्या पोटाखाली उभी राहिले. वर पाहिलं तर प्रचंड पोलादी पात्राचा तळ आणि त्यातून खाली आलेल्या नळ्यांचं दाट रान. या नळ्यांतून नियंत्रक कांड्या खालून वर सरकतात. खालूनच का? या प्रकारच्या भट्टीत पाणी पात्रातच उकळतं, आणि वाफेतलं पाणी वेगळं करणारी यंत्रणा वरची सगळी जागा अडवते. आणीबाणीत कांड्या पाण्याच्या दाबाने काही सेकंदांत वर ढकलल्या जातात आणि अणू फुटत राहण्याची साखळी प्रक्रिया थांबते. पुस्तकातल्या आकृतीत हे कितीदा पाहिलं होतं. नळ्यांना हात लावल्यावर ते खरं वाटलं.

मग जिने चढून वर गेलो. पात्राच्या काठावरून आत डोकावलं, तर जिथे इंधनाचे जुडगे पाण्यात बुडालेले असते तिथे नुसता पोकळ अंधार. भट्टीतली किरणोत्सारी वाफ थेट टर्बाइनकडे जाते, म्हणून केंद्र चालू असतं तर टर्बाइनजवळही फिरकता आलं नसतं. वाफेचं पुन्हा पाणी करायला डॅन्यूब होतीच. सुमारे ७०० मेगावॉट वीज मिळणार होती.

बांधकाम १९७२ मध्ये सुरू झालं. विरोध वाढत गेला, तेव्हा चॅन्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, ब्रुनो क्रायस्की यांनी ५ नोव्हेंबर १९७८ रोजी सार्वमत घेतलं. ५०.४७ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. सुमारे ३२ लाख मतांत फरक तीस हजारांहूनही कमी! क्रायस्कींनी पदत्यागाचा सूर लावला होता, म्हणून काहींनी केवळ त्यांना घालवण्यासाठी विरोधात मत दिलं. ते मात्र गेले नाहीत; पुढच्याच वर्षी स्पष्ट बहुमताने निवडून आले. १९७८च्याच डिसेंबरात अणुविजेवर बंदीचा कायदा झाला आणि १९९९ मध्ये ती राज्यघटनेत गेली.

लोकांना विचारलं, हे मला मोलाचं वाटतं. पण पहिली वीट रचण्याआधी विचारायला हवं होतं, हेही तिथल्या नियंत्रण कक्षात ओळीने मांडलेल्या बटणांसमोर उभं राहून फार जाणवलं. इथले सुटे भाग पुढे जर्मनीतल्या याच बनावटीच्या केंद्रांना गेले.

केंद्राला पर्याय म्हणून जवळच ड्युर्नरोरला औष्णिक केंद्र उभं राहिलं. तिथे २०१९ पर्यंत कोळसा जळत होता आणि वीज वाहून नेली ती अणुकेंद्रासाठी आधीच ओढलेल्या तारांनी. त्या कोळशाबद्दल मात्र कुणी मत मागितलं नव्हतं.