मेमरीच्या ओळीतला स्मॉल एम

जानेवारीतली रात्र, सव्वाअकरा वाजलेले. कारखान्याच्या काट्यावरून फोन आला, "साहेब, पावती लवकर निघंना. भाईर ट्रॅक्टरची लाइन लागलीया."

साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांसाठी लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, ऊस उतरवून रिकामी गाडी परत चढते आणि निव्वळ टनेजची पावती शेतकऱ्याच्या नावावर निघते. पावतीची सर्व्हिस क्लाउडवर, कुबरनेटीसमध्ये (प्रोग्राम अनेक मशीनवर चालवणारी आणि सांभाळणारी यंत्रणा) चार पॉडवर, म्हणजे प्रोग्रामच्या चार चालत्या प्रतींवर चालते. गळीत हंगाम भरात आला की रात्री तिच्यावर ताण येतो. पॉडला दिलेली ३८४ एमआय (मेबिबाइट, १०२४ च्या हिशोबातले मेगाबाइट) मेमरी पुरत नव्हती, पॉड अधूनमधून ओओएम-किल होत होते, म्हणजे मेमरी संपली म्हणून मारले जात होते. म्हणून त्याच संध्याकाळी मी माझ्या पायथन स्क्रिप्टने कुबरनेटीसच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामकडून आज्ञा घेणाऱ्या त्याच्या दाराला, पॅच (बदलाची मागणी) पाठवला होता. रिक्वेस्ट (राखून ठेवायची मेमरी) आणि लिमिट (कमाल मेमरी), दोन्ही ५१२एम. उत्तर आलं २००, वेबच्या भाषेत ओके. मी लॅपटॉप मिटून जेवायला बसलो होतो.

चूक त्या एका अक्षरात होती. प्रोग्राम डबाबंद करून चालवणाऱ्या डॉकरला ५१२एम सांगितलं की तो ५१२ मेगाबाइट समजतो. जावाच्या एक्सएमएक्समध्येही (कमाल मेमरी ठरवणारा पर्याय) तेच. दहा वर्षं हाताला तीच सवय. कुबरनेटीसमध्ये मात्र स्मॉल एम म्हणजे मिली, हजारावा भाग. सीपीयूच्या ओळीत ५००एम लिहिलं की अर्धा कोअर मिळतो, आणि ते बरोबरच आहे. तोच एम खालच्या मेमरीच्या ओळीत गेला की ५१२एम म्हणजे ०.५१२ बाइट. मी पावतीच्या सर्व्हिसला एक अक्षरही मावणार नाही एवढी मेमरी दिली होती. कुबरनेटीसच्या कागदपत्रांत ४००एम म्हणजे ०.४ बाइट असं उदाहरण देऊन याच चुकीबद्दल सावध केलेलं आहे. मी ते पूर्वी वाचलेलंही होतं.

सर्व्हिस पूर्ण बंद पडली नाही ती रोलिंग अपडेटमुळे, म्हणजे जुने पॉड थोडे थोडे करून बदलण्याच्या पद्धतीमुळे. हे काम बघणारी डिप्लॉयमेंट डीफॉल्टने जास्तीत जास्त २५ टक्के पॉड कमी करू देते आणि तेवढेच वरचे उभे करू देते. चारातला एक जुना पॉड गेला, दोन नवे आले, पण ते सुरूच होईनात. नवे तयार होत नाहीत म्हटल्यावर उरलेल्या तीन जुन्यांना तिने हात लावला नाही. त्या तिघांवर, तेही आधीच मेमरीला कमी असलेल्या, चौघांचं काम पडलं. मधूनच एखादा १३७ कोड (सक्तीने मारल्याची खूण) देऊन मरायचा, परत उठायचा. तेवढा वेळ काट्यावरच्या स्क्रीनवर चक्र फिरत राहायचं आणि बाहेर थंडीत ड्रायव्हर शेकोटी करून बसायचे.

रोलआउट अनडू केलं, म्हणजे बदल मागे घेतला, चारही जुने पॉड उभे राहिले, मग ५१२एमआय घालून पॅच परत पाठवला. काम मिनिटांचं होतं. पण झोप लागेना, म्हणून सकाळपर्यंत स्क्रिप्ट उघडून बसलो.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की एपीआयने मला सांगितलं होतं. २०० च्या उत्तरासोबत वॉर्निंग नावाचा हेडर, म्हणजे उत्तराला जोडलेली जादा ओळ, येतो. त्यात बाइटचा अपूर्णांक चालत नाही असं स्वच्छ लिहिलेलं होतं. क्युबसीटीएल या कुबरनेटीसच्या कमांडने पॅच केला असता तर ते टर्मिनलवर दिसलं असतं. माझी स्क्रिप्ट फक्त स्टेटस कोड बघत होती. आणि २०० म्हणजे तरी काय? मागणी नोंदवून घेतली, एवढंच. ती पॉडपर्यंत पोचली का, हे रोलआउट स्टेटस विचारल्याशिवाय कळत नाही. हे मी नव्या मुलांना शिकवतो आणि माझ्याच स्क्रिप्टमध्ये ते नव्हतं.

आता वॉर्निंग आली की स्क्रिप्ट थांबते. मेमरीच्या आकड्याला स्मॉल एम लागलेला असेल तर पॅच पाठवतच नाही. पाठवल्यावर परत वाचून ताडून बघते, आणि ती तुलना बाइटमध्ये करते. अक्षरांची तुलना केली तर फसगत होते, कारण एपीआय आकडा स्वतःच्या पद्धतीने लिहून परत देतो: १०२४एमआय पाठवा, १जीआय येतो, १.५जीआय पाठवा, १५३६एमआय येतो. सीपीयूचा १०००एम नुसता १ होऊन येतो. कॅपिटल एम आणि एमआय यांतही फरक आहे. ५१२एमआय म्हणजे ५३,६८,७०,९१२ बाइट, ५१२ कॅपिटल एम म्हणजे ५१,२०,००,००० बाइट. जवळजवळ अडीच कोटी बाइटचा फरक, आणि काठावर चाललेल्या पॉडला तेवढाही पुरतो मरायला.

कुबरनेटीसच्या २०२५ मध्ये आलेल्या १.३३ आवृत्तीपासून चालू पॉडची मेमरी जागेवरच वाढवायची सोय डीफॉल्टने चालू आहे. पॉडच्या रिसाइझ सबरिसोर्सला (आकार बदलण्यासाठी एपीआयमधला वेगळा पत्ता) पॅच करायचा. नोडवर, म्हणजे पॉड ज्या मशीनवर चालतो तिथे, तेव्हा जागा नसेल तर विनंती डिफर्ड (पुढे ढकललेली) म्हणून पडून राहते. म्हणजे तिथेही परत जाऊन विचारावंच लागतं. पावसाळ्यात कारखाना बंद असताना ते करून बघणार आहे, हंगामात नाही.

दुसऱ्या दिवशी काट्यावर फोन करून विचारलं, शेवटची गाडी कधी गेली? "पावणेदोनला," तो म्हणाला. "वाळव्याचा होता, दोन ट्रॉल्या. पावती दोनदा निघाल्यासारखी वाटली, म्हणून मी एक फाडून ठेवलीया. तुम्ही तेवढं बघा." बघितलं. नोंद एकच होती, टनेज बरोबर होतं.