तुम्ही विचारलंत म्हणून: हेडलाईटमध्ये गाडीचाच बल्ब का नाही ठेवला?

गाड्यांच्या जुन्या भागांपासून मी घरात लावायचे दिवे बनवते. हॉलच्या कोपऱ्यात माझा एक गोल हेडलाईट तिपाईवर बसवलेला आहे आणि टेबलावर पिस्टनचा, म्हणजे इंजिनात वरखाली होणाऱ्या धातूच्या दट्ट्याचा, दिवा. येणारा प्रत्येकजण पाच मिनिटांत हेच विचारतो, आत गाडीचाच बल्ब आहे ना? नाही म्हटलं की चेहरा पडतो. म्हणून एकदा नीटच सांगते.

गाडीचा बल्ब 12 व्होल्टचा, घरातल्या लाईनवर थेट जोडलात तर क्षणात उडेल. मग अडॅप्टर लावू म्हणाल, तर हॅलोजनचा एच-4 बल्ब लो बीमला 55 आणि हाय बीमला 60 वॉट घेतो, म्हणजे साधारण पाच अँपिअर, घरात पडलेला छोटा अडॅप्टर तेवढं पेलत नाही. पेलणारा आणलात तरी तो बल्ब प्रचंड तापतो, काचेला हात लावायची सोय नाही. आणि मुख्य म्हणजे हेडलाईट बनलाय अंधारात लांबवर रस्ता दाखवायला, समोर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसाठी नाही. झेनॉनच्या दिव्यांना तर हातच लावू नका, ते पेटताना 20,000 व्होल्टच्या वर झटका देतात आणि बऱ्याच जुन्या दिव्यांत पारा असतो.

मला हवी असते ती काच. जुन्या हेडलाईटच्या काचेत आतून उभ्या रेघा आणि छोटे छोटे चौकोन ओतलेले असतात, झोत आडवा पसरावा म्हणून. मी आत साधा होल्डर बसवून चार-पाच वॉटचा पिवळसर एलईडी लावते, 2700 केल्विनचा, आणि तोंड भिंतीकडे करते. मग त्या रेघा भिंतीवर उतरतात, बघत बसावं असं वाटतं. मागचं रबरी झाकण मात्र काढून टाकते कारण बंद डब्यात एलईडीसुद्धा तापतो आणि लवकर जातो. नवीन गाड्यांची पॉलिकार्बोनेटची पिवळी पडलेली काच मी घेत नाही, तिच्यात ती मजा नाही.

पिस्टनची गोष्ट वेगळी, तिथे सगळं काम साफसफाईचं. काजळी इतकी घट्ट बसलेली असते की मी आधी रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवते, मग पितळी ब्रश, मग भांड्यांचा साबण आणि गरम पाणी, रिंगांच्या खाचांत जुना टूथब्रश. कॉस्टिक सोडा चुकूनही नको, पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि सोडा त्याला खातो.

माझ्या पहिल्या दिव्यात मी पिस्टनच्या डोक्याला भोक पाडलं आणि वायर तशीच ओवली. भोकाची कड धारदार राहिली होती. दिवा इकडून तिकडे सरकवताना वायर घासत गेली, आठवड्याभरात आवरण कापलं आणि एका संध्याकाळी पिस्टनला हात लावला तर कोपरापर्यंत सणका गेला. अर्थिंग दिलंच नव्हतं. घरात लहान मूल असतं तर, हा विचार आजही जात नाही. तेव्हापासून भोकाला कानस मारून रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू नये म्हणून भोकात बसवायची कडी, बसवल्याशिवाय वायर आत जात नाही, तीन पिनांचा प्लग आणि अर्थची वायर थेट धातूला स्क्रूने घट्ट, आणि जोडणी झाली की इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय स्विच लावत नाही. तुम्हीही एवढं कराच, बाकी दिवा कसाही दिसू दे.

ब्रेक डिस्कचा तळ पण छान होतो, वजनदार असते त्यामुळे दिवा कलंडत नाही. फक्त ती ओली करूनच धुवा, फुंकर किंवा हवा मारू नका, जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि स्प्रिंगचा दिवा करायचा असेल तर सुटी स्प्रिंग घ्या. शॉकॲब्सॉर्बरवर दाबून बसवलेली स्प्रिंग घरी सोडवायला जाऊ नका, ती सुटली तर माणूस जायबंदी होतो.

पिस्टनच्या अंगावरचे ओरखडे मी पॉलिश करून घालवत नाही, ते त्याने इंजिनात काढलेल्या दिवसांचे आहेत. काजळी निघाली की बऱ्याच पिस्टनच्या डोक्यावर कडेला एक छोटा बाण दिसतो, इंजिनाची पुढची बाजू कुठली ते मेकॅनिकला कळावं म्हणून कोरलेला. होल्डर बसवताना मी तो झाकू देत नाही, आणि दिवा टेबलावर ठेवताना बाण खिडकीकडे करते.